डंकेलविरोधात पत्रकं वाटत होतो आणि बाप रात्री सेंधव्याला कापूस नेत होता

चोपड्याच्या एका एम.ए. करणाऱ्या पोराने विचारलंय, थोडक्यात असं: नव्वदच्या दशकात डंकेलचा मसुदा, गॅट हा जागतिक व्यापार करार, त्यातून झालेली डब्ल्यूटीओ ही व्यापार संघटना, जागतिक बँक यांच्या विरोधात गावागावातून जी आंदोलनं झाली ती सगळी शेवटी हरलीच ना, करारावर सह्या झाल्या, धरण झालं, मग त्यातलं आज उरलं काय? आणि आमचे सर म्हणतात खान्देशात तर तसं काही झालंच नव्हतं, ते खरं का?

भाऊ, आधी सरांचं बघू. जागतिक बँकेने नर्मदेवरच्या सरदार सरोवर धरणाला १९८५ साली ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं आणि १९९३ च्या मार्चमध्ये ते अर्ध्यात थांबलं, ते का थांबलं याचं अर्धं उत्तर अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यात आहे. तेव्हा नंदुरबार जिल्हा नव्हता, तो १ जुलै १९९८ ला झाला, त्यामुळे जुन्या कागदांत सगळीकडे "धुळे जिल्हा" लिहिलेलं सापडेल, कदाचित सरांच्या नजरेतून ते त्यामुळे सुटलं असेल. मणिबेली हे महाराष्ट्रातलं बुडितात जाणारं पहिलं गाव. त्या गावाच्या नावाने १९९४ साली एक जाहीरनामा निघाला, ४४ देशांतल्या तीनशेवर संघटनांनी त्यावर सही केली, की बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं. ज्या गावाला तेव्हा धड रस्ता नव्हता त्याचं नाव वॉशिंग्टनच्या टेबलावर. त्यामुळे खान्देशात काही झालं नाही असं कोणी म्हणालं की मला हसू येतं, रागही येतो, पण वय झालं आता, हसूच जास्त येतं.

आता तुझा मुख्य प्रश्न. मी १९९१ पासून या कामात आहे, शिरपूर तालुक्यातला, घरी कोरडवाहू कापूस. त्यामुळे मी जे सांगतो ते एका बाजूचं आहे हे धरूनच वाच.

घोषणा बघितल्या तर आम्ही हरलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही. आर्थर डंकेल हा गॅटचा स्विस डायरेक्टर जनरल, त्याने डिसेंबर १९९१ मध्ये साडेचारशे-पाचशे पानांचा मसुदा टेबलावर ठेवला. आम्ही "डंकेल परत जा" म्हणत भिंती रंगवल्या, आणि १५ एप्रिल १९९४ ला मोरोक्कोत माराकेशला करार झाला, १ जानेवारी १९९५ ला डब्ल्यूटीओ सुरू. त्या पाचशे पानांतलं एक पानही आमच्यातल्या बहुतेकांनी वाचलेलं नव्हतं. मी पण नव्हतं. पुण्या-मुंबईहून पत्रकं यायची ती आम्ही वाटायचो. एका गावात पारावर सभा चालू असताना एक म्हातारे बाबा मध्येच उठून म्हणाले, "भाऊ, हाऊ डंकेल कोन शे? तो आपला गावमा येवाव शे का?" सगळे हसले आणि मला पटकन उत्तर देता आलं नाही. खरं तर प्रश्न बरोबर होता, तो येणार होता पण माणूस म्हणून येणार नव्हता, बियाण्याच्या पाकिटातून आणि कापसाच्या भावातून येणार होता, पण एवढं सुचायला मला पुढची दहा वर्षं लागली.

आमच्या पत्रकात लिहिलेलं असायचं की करार झाला की शेतकऱ्याला घरचं बी पेरता येणार नाही, कंपनीचा माणूस येऊन कोठी तपासेल. हे फुगवलेलं होतं. पण पूर्ण खोटंही नव्हतं. करारात कलम होतं की प्रत्येक देशाने पिकांच्या वाणांना एकतर पेटंट द्यावं नाहीतर आपली अशी काहीतरी परिणामकारक पद्धत करावी. या "नाहीतर" मध्ये सगळी गंमत आहे. बंगळूरला नंजुंडस्वामींच्या रयत संघाने, म्हणजे कर्नाटकातल्या शेतकरी संघटनेने, डिसेंबर १९९२ मध्ये कारगिल या अमेरिकन कंपनीच्या ऑफिसातले कागद बाहेर काढून जाळले, पुढच्या वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथेच लाखोंची सभा झाली, दिल्लीत डाव्यांपासून स्वदेशीवाल्यांपर्यंत सगळे एका बाजूला. एवढा गलका झाल्यावर सरकारला थेट पेटंटचा कायदा करायची हिंमत झाली नाही आणि २००१ साली जो कायदा आला त्याचं नावच पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. त्याचं कलम ३९ काढून वाच, शेतकऱ्याने बी राखावं, पेरावं, परत पेरावं, शेजाऱ्याला द्यावं, विकावं सुद्धा, फक्त कंपनीच्या ब्रँडच्या नावाने विकू नये. शिवाय बियाणं सांगितल्यासारखं निघालं नाही तर भरपाई मागायची सोय. २०१९ साली पेप्सीने गुजरातमधल्या बटाटा शेतकऱ्यांवर कोटी-कोटी रुपयांचे दावे ठोकले होते आणि महिन्याभरात परत घेतले, तेव्हा शेतकऱ्यांच्या बाजूने सगळे हेच कलम दाखवत होते. त्या बटाटेवाल्यांपैकी कितीजणांना डंकेल माहीत असेल? बहुतेक एकालाही नसेल.

आता कापसाचं सांगतो, कारण खरी गोष्ट तिथे आहे आणि आमच्या लोकांनी ती कधी नीट लिहिली नाही.

१९७२ पासून महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी होती. म्हणजे कापूस सरकारलाच द्यायचा, पणन महासंघाच्या केंद्रावर, राज्याबाहेर न्यायला बंदी. केंद्रावर बैलगाड्यांची रांग, ग्रेडर बोंड चोळून बघणार आणि एक नंबरचा माल दोन नंबर ठरवणार, वर कट्टी म्हणजे वजनातली कपात, आणि चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, कधी मिळेल ते देवाला माहीत. इकडे आग्रा रोडने पळासनेरचा नाका ओलांडला की मध्यप्रदेश, पुढे सेंधवा, तिथे जिनिंगवाले रोख पैसे मोजायचे. १९९४-९५ ला बाहेर भाव कडाडले होते, त्या हंगामात आमच्या भागातून रात्री जे ट्रॅक्टर निघायचे त्यांची गणतीच नाही. आमचा पण निघायचा. मी दिवसा "परदेशी कंपन्यांपासून शेतकरी वाचवा" करत फिरायचो आणि रात्री वडील ताडपत्री बांधून सेंधव्याला निघायचे. एकदा मी बोललो की हे बेकायदेशीर आहे, पकडलं तर संघटनेचं नाव जाईल. ते म्हणाले, "तुना डंकेल येई तवय येई, मना कापूस आज भिजी राह्यना." वर नाक्यावर द्यायचे पैसे माझ्याच खिशातून घेऊन गेले.

हे मी विनोद म्हणून सांगत नाही. शेतकरी संघटनेचे शरद जोशी नेमकं हेच मांडत होते. स्वतः स्वित्झर्लंडमध्ये बर्नला जागतिक टपाल संघात नोकरी केलेला माणूस, त्यांचं म्हणणं शेतकऱ्याला परदेशी कंपनी नंतर लुटेल, आज त्याला आपलंच सरकार लुटतंय, निर्यातबंदी, झोनबंदी (एका भागातला माल दुसरीकडे न्यायला बंदी), पाडलेले भाव, म्हणजे सबसिडी उलटी आहे, उणे आहे. म्हणून त्यांनी डंकेलचं उघड स्वागत केलं. आमच्या एका सभेत जोशींच्या संघटनेचा लाल बिल्लावाला एक शेतकरी उभा राहिला, म्हणाला तुम्ही देशाचा नाका बंद करायला निघालात, चांगलं आहे, पण पळासनेरचा नाका कोण उघडणार? आम्ही त्याला भांडवलदारांचा एजंट म्हणून खाली बसवलं. आजही आठवलं की वाईट वाटतं. तो एजंट बिजंट काही नव्हता, पाच एकरवाला होता, माझ्या बापासारखा.

पण मग जोशींचं सगळं बरोबर निघालं का, तर तेही नाही. दार उघडलं तेव्हा समोर मोकळा बाजार नव्हता, समोर अमेरिकेची सबसिडी उभी होती. कापसावर अमेरिका आपल्या शेतकऱ्याला इतका पैसा देत होती की ब्राझीलने २००२ मध्ये डब्ल्यूटीओतच केस टाकली आणि जिंकली, आफ्रिकेतले बेनिन, बुर्किना फासो, चाड, माली हे चार गरीब देश २००३ मध्ये हाच मुद्दा घेऊन उभे राहिले. अमेरिकेने ब्राझीलला २०१४ साली ३० कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं, त्या चार देशांच्या हाती फारसं काही लागलं नाही. आणि आपल्यासाठी डब्ल्यूटीओच्या हिशोबाची गंमत बघ, हमीभावातून किती आधार दिला हे मोजताना तुलना करतात १९८६ ते ८८ च्या बाहेरच्या किमतीशी. आजचा हमीभाव आणि चाळीस वर्षांपूर्वीची किंमत! मग आधार पिकाच्या एकूण किमतीच्या १० टक्क्यांच्या मर्यादेबाहेर गेलाय असं दाखवणं किती सोपं होतं ते बघ. अमेरिकेने नोव्हेंबर २०१८ मध्ये आपल्या कापसाच्या हमीभावावर याच गणिताने बोट ठेवलं होतं. २०१३ ला डब्ल्यूटीओच्या बालीतल्या बैठकीत जी सवलत मिळाली ती अन्नधान्याच्या सरकारी साठ्यापुरती, कापूस त्यात बसत नाही. ही बारीक अक्षरं आम्ही १९९२ मध्ये वाचली असती तर कोठी तपासायला येणाऱ्या माणसाऐवजी या तारखेवर भांडलो असतो. हा माझा सगळ्यात मोठा पश्चात्ताप आहे, आणि तू अभ्यास करतोयस म्हणून तुला सांगतोय.

बीटी कापसाचं, म्हणजे बोंडअळीविरुद्धचं जनुक घातलेल्या बियाण्याचं, थोडक्यात. २६ मार्च २००२ ला परवानगी मिळाली, इथे तर लोक आधीच गुजरातमधून चोरून आणत होते, त्यामुळे आंदोलनाला शेतकऱ्यांची साथ मिळालीच नाही. सुरुवातीला ४५० ग्रॅमचं पाकीट सोळाशेच्या वर होतं, २००६ मध्ये आंध्र सरकार भांडलं तेव्हा कुठे भाव खाली आला, २०१५ च्या डिसेंबरात केंद्राने दर ठरवायचा आदेश काढला. आणि कलम ३९ हातात असून उपयोग नाही, कारण हे हायब्रीड, राखलेलं बी पुढच्या वर्षी तसं येत नाही, पाकीट दरसाल घ्यावंच लागतं. २०१७ ला गुलाबी बोंडअळीने काय केलं ते तू लहानपणी पाहिलंच असशील.

आता परत नर्मदेकडे, कारण पद्धत म्हणून मला नर्मदा बचाव आंदोलनच सगळ्यात हुशार वाटतं. बाकी सगळे आपापल्या सरकारशी भांडत होते. इथल्या लोकांनी ओळखलं की धरणाची मान कर्जात आहे. मेधाताई पाटकर आणि बाकीचे १९८९ मध्ये अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे जाऊन बोलून आले, १९९० मध्ये जपानने टर्बाइनचा पैसा थांबवला, शेवटी बँकेला स्वतःची स्वतंत्र चौकशी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स तिचे प्रमुख. ती माणसं डोंगर चढून पाड्यांवर आली, लोकांशी बोलली आणि जून १९९२ च्या अहवालात लिहिलं की आजच्या परिस्थितीत सगळ्यांचं पुनर्वसन होणं शक्य नाही. बँकेने अटी घातल्या, मुदत दिली, मुदत संपायच्या आत भारत सरकारनेच कळवलं की उरलेलं कर्ज नको. त्याच वर्षी, १९९३ च्या सप्टेंबरात, बँकेने इन्स्पेक्शन पॅनल नावाची व्यवस्था केली, जगातल्या कुठल्याही गावातले बाधित लोक तिथे सरळ तक्रार करू शकतात. बँकेच्या प्रकल्पाने जमीन गेलेला कुठल्याही खंडातला माणूस आज त्या पॅनलकडे अर्ज करतो तेव्हा त्यामागे मणिबेली, चिमलखेडी, निमगव्हाण ही नावं आहेत, त्याला ती माहीत असोत की नसोत. पुढे १९९८ मध्ये जागतिक धरण आयोग बसला, मेधाताई त्यात सदस्य होत्या, २००० च्या नोव्हेंबरात नेल्सन मंडेलांच्या हस्ते अहवाल आला.

आणि किंमत? नोव्हेंबर १९९३ मध्ये धडगाव तालुक्यात सर्व्हेला विरोध करताना गोळीबार झाला, पंधरा वर्षांचा एक आदिवासी पोरगा गेला. बँक गेली, धरण थांबलं नाही. १८ ऑक्टोबर २००० ला सुप्रीम कोर्टाचा निकाल विरोधात गेला, मी त्या दिवशी शहाद्याला होतो, संध्याकाळी कोणी कोणाशी बोलेना. २०१७ मध्ये १३८.६८ मीटरचं लोकार्पण झालं, महाराष्ट्रातली ३३ गावं बाधित. एक गोष्ट मला अजून खटकते, बँक होती तोवर निदान तिच्या अटी तरी होत्या, ती गेल्यावर पुनर्वसनावर बाहेरून नजर ठेवणारं कोणी उरलं नाही. हे आंदोलनातल्या मित्रांना आवडत नाही, पण तळोद्याच्या पुनर्वसन वसाहतीत बसून लोक हेच बोलतात.

तरी तिथे उरलेलं बघायचं असेल तर जीवनशाळा बघ. सरकारी शाळा फक्त कागदावर होत्या तेव्हा लोकांनी १९९१-९२ पासून स्वतः सुरू केल्या, "लढाई पढाई साथ साथ". तिथे शिकलेली पोरं आज ग्रामसभेत ठराव लिहितात, तहसीलमध्ये साहेबाला विचारतात, जीआरचा नंबर सांगा. माझ्या मते जागतिकीकरणविरोधी आंदोलनाचं खान्देशात जे सगळ्यात टिकाऊ काही उरलं असेल ते हेच, कागद मागायची आणि कागद सांभाळायची सवय. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा सिद्ध करायचा असतो. सातपुड्यात कित्येकांनी काय पुरावा लावला माहितीये? फॉरेस्टवाल्यांनी आजोबांना अतिक्रमणाचा दंड केला होता त्याच्या पावत्या. डब्यात, पत्र्याखाली, कुठे कुठे जपून ठेवलेल्या. ज्या कागदाने गुन्हेगार ठरवलं तोच ताब्याचा पुरावा झाला. या लोकांना हे आमच्यासारख्यांनी शिकवलं असं मी म्हणणार नाही, आम्ही तर पत्रकसुद्धा न वाचता वाटणारे.

सिएटल, कानकुन वगैरे तू पुस्तकात वाचलंच असशील. ३० नोव्हेंबर १९९९ ला सिएटलच्या रस्त्यांवर हजारो लोकांनी डब्ल्यूटीओची बैठक अडवली, ती बातमी पेपरात वाचून आम्ही शिरपूरच्या चहाच्या टपरीवर पेढे वाटले, टपरीवाल्याने विचारलं पोरगा झाला का. २००३ च्या सप्टेंबरात मेक्सिकोत कानकुनला डब्ल्यूटीओच्याच बैठकीवेळी ली क्युंग-हे या कोरियन शेतकऱ्याने कुंपणावर चढून स्वतःला भोसकून घेतलं, चारेक दिवसांनी ती बैठकही मोडली. जानेवारी २००४ ला मुंबईत गोरेगावला वर्ल्ड सोशल फोरम, म्हणजे जगभरच्या जागतिकीकरणविरोधी संघटनांचा मेळावा, भरला, पहिले तीन ब्राझीलमध्ये झाले होते. आम्ही नंदुरबारहून सुरतमार्गे गाडी पकडून गेलो, सोबत पावरी वाजवणारे, भाकरी बांधून. चार दिवस जत्रा. समोर रस्त्यापलीकडे दुसऱ्या डाव्या गटाची "मुंबई रेझिस्टन्स" नावाची वेगळी जत्रा, कारण फोरमवाले पुरेसे लढाऊ नाहीत म्हणे. परदेशी लोकांनी आमचे फोटो खूप काढले, कापसाच्या भावाबद्दल एकानेही विचारलं नाही. आमच्यातली चांगली पाच-सहा पोरं त्यानंतर प्रोजेक्टवाल्या संस्थांत लागली, पगार मिळाला, घरं झाली, त्यांना दोष देत नाही. पण मोर्चा काढायला माणूस शोधावा लागायला लागला तो तिथून.

तरी धागा तुटला नाही. नोव्हेंबर २०१८ मध्ये खान्देशातले आदिवासी ठाण्याहून मुंबईला चालत गेले ते वनहक्क आणि दुष्काळासाठी, २०२०-२१ च्या दिल्ली आंदोलनात शाहजहानपूर बॉर्डरवर नंदुरबारच्या बाया थंडीत जाऊन बसल्या होत्या, अक्कलकुव्याकडची एक आजी तिकडेच वारली. आणि गंमत म्हणजे त्या आंदोलनाची मागणी नुसती तीन कृषी कायदे मागे घ्या एवढीच नव्हती, हमीभावाचा कायदा करा अशीही होती, म्हणजे लाल बिल्लावाल्याचा प्रश्न आणि आमचा प्रश्न पहिल्यांदा एका तंबूत आले. तीस वर्षं लागली.

आता तुझ्या घरचं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेने आपल्या मालावर ५० टक्के टॅरिफ लावला. कापड गिरण्यांची बाजू सावरायला आपल्या सरकारने १९ ऑगस्टपासून आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं, आधी सप्टेंबरअखेर म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत वाढवलं. म्हणजे बरोब्बर आपला मेअखेर लावलेला बागायती कापूस घरात यायच्या वेळी. त्या हंगामाचा हमीभाव लांब धाग्याला ८११० रुपये जाहीर होता आणि खेडा खरेदीवाला त्याच्या किती खाली मागत होता ते तुझे वडील सांगतील. आता यात जागतिकीकरण कोणतं आणि त्याचा विरोध कोणता? टॅरिफ लावणारा अमेरिकेचा अध्यक्ष आमच्याच १९९२ च्या भाषेत बोलतो, देशातला माल, देशातला रोजगार. आणि मार खातो तो चोपड्याचा शेतकरी. तुझ्या निबंधात हे घाल, सरांना आवडणार नाही पण घाल.

अभ्यास करायचाच तर पुस्तकांच्या आधी दोन ठिकाणी जा. एक म्हणजे शहाद्याहून धडगावची एसटी पकड, घाट चढून, तिथून कोणालाही जीवनशाळेचं विचार, मुक्काम धरून जा. दुसरं सेंधवा, तिथल्या जिनिंगमधल्या जुन्या हमालांना विचार की रात्री महाराष्ट्राचे किती ट्रॅक्टर खाली व्हायचे. आणि माझ्याकडे यायचं असेल तर ये कधीही, पण येताना आजोबांच्या पणन महासंघाच्या चुकाऱ्याच्या पावत्या घरात कुठे सापडतात का बघ. माळ्यावर पत्र्याच्या पेटीत असतील. आमच्या आईने आमच्या चुलीत घातल्या.